सव्वा महिना केंद्रात, बाकी आयुष्य गावात : व्यसनमुक्तीत ‘समाजाचा आधार’ म्हणजे नेमकं काय?

माझा मामा पुण्याकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात सव्वा महिना राहून परत आला, तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. गाव गंगाखेड तालुक्यातलं. परभणीहून रात्रभराच्या गाडीने त्याला आणायला मी आणि मामी गेलो होतो. येताना मामा खिडकीपाशी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, ‘‘माय, तिथं मला सगळे नावानं हाक मारायचे.’’ मला तेव्हा त्या वाक्याचं महत्त्व कळलं नाही. मी मनात यकृताचे एन्झाइम आणि मेंदूतलं डोपामिन मोजत होते. बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थिनीला दुसरं काय दिसणार!

तो जूनमध्ये आला आणि पोळ्याला पुन्हा प्यायला. मधले अडीच महिने त्याने थेंब घेतला नव्हता. घरात सगळ्यांचा निष्कर्ष एकच : ‘‘केंद्र फेल गेलं, पैसे पाण्यात गेले.’’ मला मात्र प्रश्न पडला की नेमकं फेल काय गेलं? केंद्रात तो एक दिवसही प्यायला नाही. प्यायला तो गावात. मग अपयश केंद्राचं, गावाचं, की त्याचं?

पुढे पीएच.डी.साठी सार्वजनिक आरोग्य हा विषय घेतला त्यामागे हा प्रश्न होता. पहिल्या आराखड्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं : ‘व्यसनमुक्तीत समाजाच्या आधाराची भूमिका’. गाइडनी तो कागद वाचून एवढंच विचारलं, ‘‘समाज म्हणजे कोण? आधार म्हणजे काय? आणि तो तू मोजणार कशाने?’’ उत्तर नव्हतं. तीन महिने मी जुनं वाचत बसले. त्या तीन महिन्यांत जे समजलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करतायत, त्यांना विषयापेक्षा पद्धत जास्त उपयोगी पडेल. एखादा गुळगुळीत शब्द घ्यायचा, त्याचा इतिहास खणायचा, आणि खाली किती वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली दडल्यात ते बघायचं.

आधी प्रश्नाचा आकार

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने देशभर केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात. त्यातल्या जवळपास ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. पण मला सगळ्यात जास्त लागला तो दुसराच आकडा. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ जण कुठे आहेत? ते घरी आहेत, शेतात आहेत, टपरीवर आहेत. म्हणजे आपल्याला आवडो न आवडो, या ३७ जणांच्या बाबतीत जे काही भलं-बुरं घडतं ते समाजातच घडतं. त्यामुळे ‘समाजाचा आधार’ हा विषय उपचारानंतरची पुरवणी नाही. बहुतेकांसाठी तोच सगळा पेपर आहे.

पहिला अर्थ : शपथ आणि साक्षीदार

आपल्याकडे व्यसन सोडवण्याचं सर्वांत जुनं साधन म्हणजे माळ. आमच्या परभणी भागात, जनाबाईंच्या गंगाखेडात तर, हे वेगळं सांगायला नको. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य बंद. ती माळ चार लोकांसमोर घातलेली असते, हे महत्त्वाचं. सप्ताहात, पंगतीत, वारीत सगळ्यांना ठाऊक असतं की अमुक माळकरी झाला. माळकऱ्याला कुणी ‘‘घे रे थोडी’’ म्हणत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर माळ माणसाचा सोबतीचा गट बदलते आणि नकार देण्याचं कारण त्याच्या गळ्यातच घालून ठेवते.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकात याला सुधारणेची जोड मिळाली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) वडील दारूपायी गेले. बाबांनी मुलीच्या बारशाला रीत मोडून दारू-मटणाऐवजी गोडाचं जेवण घातलं, आणि पुढे आयुष्यभर कीर्तनांतून गावाला थेट प्रश्न विचारले. इकडे मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि आबकारी हे त्या सरकारच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. म्हणजे एका बाजूला सरकार दारूवर चालणार आणि दुसऱ्या बाजूला कीर्तनकार ती सोडा म्हणणार, हा विरोधाभास आजचा नाही.

या पहिल्या अर्थाची ताकद मोठी आहे, पण त्यात एक जीवघेणी फट आहे. ती मी आमच्याच गावात पाहिली. मामाच्या वयाचाच एक गडी होता, वीसेक वर्षं रोज पिणारा. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी समजावून त्याला माळ घातली. त्याने शब्द पाळला आणि त्या दिवसापासून बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तो असंबद्ध बोलायला लागला, नसलेली माणसं त्याला दिसायला लागली. गावाला वाटलं बाहेरचं काहीतरी झालं. मग झटके आले. परभणीला नेईपर्यंत उशीर झाला होता.

हे बाहेरचं नव्हतं. वर्षानुवर्षं दारूने दाबून ठेवलेली मज्जासंस्था दारू अचानक काढून घेतल्यावर उसळते. मेंदूला शांत ठेवणारी गाबा ही यंत्रणा कमजोर झालेली असते आणि उत्तेजित करणारी ग्लुटामेटची यंत्रणा मोकाट सुटते. यातून भ्रम होतो, झटके येतात, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो. योग्य औषधं आणि थायमिन वेळेत मिळालं तर हे बहुतेकदा टाळता येतं. त्या माणसाला गावाचा आधार कमी नव्हता. सगळं गाव त्याच्या पाठीशी उभं होतं. त्याला आधार होता, डॉक्टर नव्हता. म्हणून या विषयावर लिहिताना पहिली रेघ इथेच ओढून ठेवा : समाजाचा आधार हा औषधोपचाराला पर्याय नाही.

दुसरा अर्थ : समदुःखी माणूस

दुसऱ्या अर्थाचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा शेअर व्यवसायातला माणूस कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात गेला होता. काम फिसकटलं. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते आणि हॉटेलच्या बारमधला आवाज कानावर येत होता. त्याने एक विचित्र उपाय केला. आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधायला त्याने चर्चमध्ये फोन लावले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाची गाठ पडली. १० जून १९३५ ला डॉ. बॉबनी शेवटचा पेला घेतला आणि तीच तारीख अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची स्थापना मानली जाते. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली.

यात नवीन काय होतं बघा. कीर्तनकार हा न पिणारा, वरून सांगणारा. इथे सांगणाराही पिणाराच. शिवाय फायदा दोघांचा : ऐकणाऱ्याला वाटतं ‘हा सोडू शकला तर मीही’, आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा दिवस निभावतो. आधार देणं हाच आधार घेण्याचा मार्ग झाला.

आपल्याकडे हे तत्त्व मराठी मातीत रुजवलं ते पुण्याच्या मुक्तांगणने. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, झपाट्याने पसरला. चांगल्या घरातली मुलं पन्नीवर गर्द जाळून धूर ओढायला लागली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदत द्यायला पुढे आले. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, त्याच रुग्णालयाच्या आवारात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं.

जागा मनोरुग्णालयाची असली तरी वातावरण तसं राहू द्यायचं नाही, हा आग्रह होता. रुग्णांनी स्वतः काम करायचं, व्यायाम-योग, गाणं, गटात बोलणं. बरे झालेले काही जण तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. काल याच गादीवर तळमळत पडलेला माणूस आज शेजारी बसून ‘‘मलाही असंच होत होतं’’ म्हणतो, याची तुलना कुठल्या व्याख्यानाशी करणार? दुसरं म्हणजे इथे कुटुंबाला उपचारात आणलं गेलं. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला. तिसरं, पाठपुरावा. केंद्रातून बाहेर पडल्यावरही ठरावीक दिवशी भेटायचं, आणि हे काम पुण्याबाहेरच्या गावांतही नेलं गेलं. अनिताताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, पण काम थांबलं नाही. पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते सांभाळलं.

मामा कुठल्या केंद्रात होता हे इथे महत्त्वाचं नाही. आज बहुतेक चांगल्या केंद्रांत थोड्याफार फरकाने हेच तत्त्व चालतं. ‘‘तिथं मला नावानं हाक मारायचे’’ या मामाच्या वाक्याचा अर्थ मला हा इतिहास वाचताना कळला. तिथे तो मेंबर होता. गावात आला की ‘बेवडा’. अडीच महिने न पिऊनही हाक बदलली नव्हती. पाठपुराव्याच्या बैठकीला जायचं तर एक रात्र जायला, एक यायला, आणि मधला रोज बुडणार. दोनदा गेला, मग सुटलं. समदुःखी माणूस पुण्यात होता आणि पोळा गावात होता.

तिसरा अर्थ : गावाने पुरवठाच रोखणं

तिसरी परंपरा गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लोकांना विचारलं तर दुखण्यांच्या यादीत दारू वर येत होती, विशेषतः बायकांच्या बोलण्यात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि लोकांच्या रेट्यामुळे १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. इथे समाज एका माणसाला सावरत नाही, तो बाटलीच गावात येऊ देत नाही. राज्यात पुढे २००८ च्या आदेशाने मतदानाची वाट स्पष्ट झाली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं ‘आडव्या बाटली’ला पडली की परवान्याचं दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण मतदारांच्या निम्मी. मजुरीला बाहेरगावी गेलेली प्रत्येक बाई म्हणजे आपोआप उभ्या बाटलीला पडलेलं मत. आमच्या भागातून ऊसतोडीला किती कुटुंबं जातात हे परभणी-बीडच्या लोकांना सांगायची गरज नाही.

पण पुरवठा रोखल्याने ज्याला आधीच सवय जडली आहे तो बरा होतोच असं नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि अवैध विक्रीचं कारण देत २०२१ मध्ये उठवली गेली. गडचिरोलीत मात्र २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमात बंदीच्या जोडीला गावागावांत समित्या आणि पिणाऱ्यांसाठी उपचार अशी बांधणी केली गेली. म्हणजे बंदीच्या चळवळीतल्या लोकांनीही अनुभवातून ओळखलं की केवळ तिसरा अर्थ पुरत नाही, त्याला उपचाराची जोड लागते.

आता पुरावा बघू

इथवर इतिहास झाला. पण आपण संशोधनाची तयारी करतोय, तेव्हा ‘‘याने फरक पडतो हे कशावरून?’’ हा प्रश्न विचारायलाच हवा. तीन अभ्यास सांगते. तिन्हींतून वेगळा धडा मिळतो.

पहिला, व्हिएतनाम. १९७१ मध्ये तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा वापर प्रचंड असल्याचं उघड झालं. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये व्यसनी झालेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. लोकांचा विश्वास बसेना. रसायन तेच, मेंदू तोच, पण जागा, माणसं, कारणं बदलली. आता हे मामाच्या बाबतीत उलटं करून बघा. सैनिकाला व्यसन परक्या मुलखात लागलं आणि तो घरी आला. मामाला व्यसन घरी लागलं, तो परक्या जागी बरा झाला आणि पुन्हा त्याच टपरीसमोर, त्याच चार मित्रांत आला. सैनिकाला जागेने वाचवलं, मामाला जागेने गाठलं. अर्थात इथे घाईने उडी मारू नका. सैनिक तरुण होते आणि बहुतेकांचा वापर अल्पकाळाचा होता. तुलना विचाराला चालना देते, पण ती सिद्धता नव्हे.

दुसरा, कोक्रेन आढावे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा उपयोग होतो का, यावर २००६ चा आढावा ८ चाचण्या आणि ३,४१७ लोकांवर आधारित होता. निष्कर्ष : ठोस पुरावा नाही. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ लोक होते. या वेळी निष्कर्ष वेगळा आला. या गटांशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभराने पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के होतं, तर इतर मान्य उपचारांत ३५ टक्के. १४ वर्षांत चळवळ बदलली नव्हती, अभ्यास सुधारले होते. ‘पुरावा नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, विसरू नका.

तिसरा आपल्या शेजारचा, गोव्याचा. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर यादृच्छिक चाचणी केली. ती २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. समाजातलीच साधी माणसं, प्रशिक्षण दिलेली. मोजकीच, जास्तीत जास्त चार सत्रं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, तर नेहमीचा, थोडा सुधारित उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के लोकांचं.

हा २६ चा आकडा नीट बघा. समुपदेशनाशिवायही चारातल्या एकाचं पिणं कमी झालं. तुलनेसाठी दुसरा गट नसता तर सगळे ३६ टक्के आपण समुपदेशनाच्या नावावर जमा केले असते. खरा फरक १० टक्क्यांचा. तोही छोटा नाही, कारण इतक्या साध्या आणि स्वस्त गोष्टीने तो पडला. पण मर्यादाही लिहून ठेवा : या चाचणीत मध्यम पातळीवरचे पिणारे होते, पूर्णपणे दारूवर अवलंबून असलेले नव्हते. माळ घातलेल्या त्या गड्याला हे लागू करता येणार नाही.

शब्द फोडल्यावर काय मिळालं?

तर ‘समाजाचा आधार’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत : शपथ आणि तिचे साक्षीदार, समदुःखी सोबती, घरचं माणूस, आणि पुरवठ्यावर गावाचा ताबा. प्रत्येकीचा इतिहास वेगळा, काम करण्याची रीत वेगळी आणि वेळही वेगळी. शपथ सुरुवातीला उपयोगी, पण वैद्यकीय देखरेखीशिवाय धोक्याची. समदुःखी सोबती नंतरच्या महिन्यांत मोलाचा, पण तो हाकेच्या अंतरावर लागतो. पुरवठ्यावरचा ताबा नवे पिणारे घडू नयेत म्हणून जास्त महत्त्वाचा. प्रश्नावलीत ‘‘तुम्हाला समाजाचा आधार मिळतो का? होय/नाही’’ असा एक रकाना टाकला तर या चारही गोष्टींची खिचडी होईल. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत तो रकाना होता. गाइडनी त्यावर लाल रेघ मारली ती योग्यच होती.

आणि समाज नेहमी आधारच देतो हे गृहीतही तपासायला हवं. पोळ्याला मामाच्या हातात पेला ठेवणारे समाजच होते, आणि ‘‘बेवडा’’ म्हणणारेही. गर्द किंवा इतर अफूजन्य व्यसनांत तर समाजाच्या सद्भावनेतूनही घात होतो. डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध चालू ठेवतात आणि घरचे म्हणतात, ‘‘एक सोडून दुसरं लागलं, तेही बंद कर.’’ औषध बंद होतं. दरम्यान शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्या मात्रेने पुन्हा घेतलं तर तीच मात्रा जीव घेऊ शकते. म्हणून माझ्या नव्या आराखड्यात आधार हा फक्त शून्यापासून वर जाणारा आकडा नाही. तो उणेही जाऊ शकतो.

मामाचं पुढे काय झालं?

मामा त्यानंतर पुन्हा एकदा केंद्रात गेला. या वेळी परत आल्यावर तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. मामीने त्याच्या पिण्याची लाज स्वतःच्या पदरात घेणं सोडलं आणि इतर दोघी-तिघींशी उघड बोलायला लागली. शेजारच्या गावातला, नऊ वर्षांपूर्वी सोडलेला एक माणूस रोज संध्याकाळी सातला फोन करायला लागला. सातच का, तर त्याच वेळी मामाचे पाय टपरीकडे वळायचे. आणि हरिपाठाला मामा जाऊन बसायला लागला, पण माळ मात्र त्याने वर्षभराने घातली. ‘‘आधी जमू दे, मग घालीन,’’ म्हणाला.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तो पीत नाही. यंदा पोळ्याला बैल सजवून तो सरळ आमच्या घरी येऊन बसला होता, मिरवणूक संपेपर्यंत. ‘‘एवढा दिवस अजून अवघड जातो माय,’’ एवढंच बोलला.

यातल्या कशाने फरक पडला? मामी म्हणते देवाने. मामा म्हणतो त्या फोनने. मला विचाराल तर संशोधक म्हणून मी सांगू शकत नाही. नमुना एकाचा आहे, तुलनेसाठी दुसरा गट नाही, तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, आणि दुसऱ्यांदा उपचार घेणारा माणूस पहिल्या वेळेसारखा नसतोच. भाची म्हणून मला त्या फोनवाल्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, फक्त प्रबंधात पहिलंच लिहायचं असतं.

माझा शोधप्रश्न आता असा आहे : केंद्रातून परतलेल्या माणसाच्या गावापासून रोज गाठता येईल एवढ्या अंतरावर एक जरी व्यसनमुक्त झालेला सोबती असेल, तर पहिल्या वर्षात पुन्हा पिण्याचं प्रमाण बदलतं का? पहिल्या प्रश्नाच्या मानाने हा फारच लहान आहे. पण याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं तोच संशोधनाचा प्रश्न.

तुमच्याकडे असा एखादा मोठा, सगळ्यांना पटणारा शब्द असेल, ‘सक्षमीकरण’, ‘जनजागृती’, ‘लोकसहभाग’, तर या आठवड्यात एक काम करा. एका कागदावर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ लिहा, प्रत्येक अर्थासमोर एक खरी घटना आणि साल लिहा. तीन घटना सापडल्या नाहीत तर तुम्हाला शब्द माहीत आहे, विषय नाही. मला सापडायला तीन महिने लागले.

आणि हे वाचताना तुम्हाला अभ्यासाऐवजी घरातलंच कुणी आठवलं असेल, तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या. आणि परत आल्यावर त्याला नावाने हाक मारा.